छोट्या शिशूतले बाबा

हा गृहस्थ ओळखायला अवघड नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात जा. बायकांच्या गर्दीत एकच पुरुष घामाघूम उभा असतो आणि दुकानदाराला मोबाइलवरचं चित्र दाखवून विचारत असतो, “असे रंगीत गोंडे आहेत का हो? झेंडूएवढे नकोत, वाटाण्याएवढे.” त्याच्या उजव्या अंगठ्यावर वाळलेल्या फेव्हिकॉलचा पापुद्रा असतो. स्कूटरच्या डिकीत पान्याच्या जागी आइस्क्रीमच्या काड्या असतात. घरात अंड्याचे ट्रे, बाटल्यांची बुचं, चपलांचे रिकामे खोके यांतलं काही तो टाकू देत नाही. कामावर मीटिंग चालू असताना हा टेबलाखाली फोन धरून काहीतरी वाचतो, आणि त्याचा चेहरा असा पडतो की साहेबांना वाटतं, मटेरियलची गाडी खंबाटकीत अडकली. प्रत्यक्षात तिथे एवढंच लिहिलेलं असतं : ‘डिअर पेरेंट्स, टुमॉरो इज यलो डे.’

पूर्वी मुलाच्या शाळेशी बापाचा संबंध दोनदाच यायचा. नाव घालताना आणि मूल नापास झाल्यावर. मधल्या काळात मूल कितवीत आहे हे विचारलं, तर तो स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारून सांगायचा. हा नवा बाप मात्र रोज शाळेत जातो. शरीरानं जात नाही इतकंच.

नमुना म्हणून आमच्या सोसायटीतले ओवीचे बाबा घ्या. त्यांना स्वतःचं नाव आहे, लेटरबॉक्सवर ते लिहिलेलंही आहे. पण मोशीतल्या सोसायट्यांत पुरुषाला स्वतःचं नाव मूल होईपर्यंतच पुरतं. पुढे तो अमक्याचे बाबा. ओवीचे बाबा चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहेत. पोरीचं नाव ठेवताना ते थेट ज्ञानेश्वरीपर्यंत मागे गेले, आणि नाव ठेवून झाल्यावर तिला ‘कम हिअर’ म्हणू लागले. ओवी आता चार वर्षांची आहे. छोट्या शिशूत, म्हणजे ज्युनिअर केजीत आहे.

बाबांचं दुखणं समजून घ्यायचं तर जून २००० मध्ये जावं लागतं. त्या जूनपासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते. वर्तमानपत्रांतून वाद रंगले, मराठी बुडणार की मराठी मुलं तरणार यावर व्याख्यानं झाली. बार्शी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत ओवीचे बाबा त्याच महिन्यात सहावीत गेले होते. त्याआधी वर्षभर, पाचवीत, त्यांनी चार रेघी वहीत मोठ्या ऐटीत इंग्रजीचा श्रीगणेशा केला होता. आणि आता पहिलीत बसलेली धाकटी बहीण संध्याकाळी शेजारी मांडी घालून तीच ए-बी-सी-डी गिरवू लागली. वयातलं पाच वर्षांचं अंतर सरकारच्या एका निर्णयानं इंग्रजीपुरतं एका वर्षावर आलं. ही बहीण आज बाणेरला आयटीत आहे. फोनवर ती परदेशी साहेबाशी हसून बोलते. नुसतं बोलत नाही, हसून बोलते, हे ओवीच्या बाबांना जास्त लागतं. ते म्हणतात, “काका, आमची पेरणी उशिरा झाली. मग उतारा कुठून पडणार?”

शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस पेरणीची तारीख चुकल्याचं विसरत नाही. तेव्हा ओवीच्या बाबतीत वापसा येण्याचीही वाट न बघता पेरायचं, हे ती जन्मायच्या आधीच ठरलं होतं.

शाळेनं पालकांची पहिली सभा घेतली तेव्हा बाबा अर्धा दिवस रजा टाकून पहिल्या रांगेत बसले. टीचर म्हणाल्या, “घरी थोडं इंग्लिश एन्व्हायर्न्मेंट ठेवा.” यातला ‘थोडं’ हा शब्द बाकीच्या पालकांनी ऐकला. बाबांच्या वहीत तो नाही. त्याच सभेत त्यांना फोनिक्स भेटलं, आणि त्या दिवसापासून आमच्या इमारतीची शांतता गेली.

इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज चाळिसाच्या वर, म्हणून अक्षराचं नाव आधी न शिकवता त्याचा आवाज शिकवायचा, ही यातली कल्पना. १९९२ पासून इंग्लंडातून पसरलेल्या जॉली फोनिक्समध्ये असे ४२ आवाज आहेत आणि प्रत्येकाला एक हातवारा आहे. ‘एस’ला हात सापासारखा वळवत सूं करायचं. ‘ए’ला दंडावर मुंग्या चढल्याचा अभिनय करायचा. ‘टी’ला टेनिसचा सामना बघितल्यासारखी मान डावी-उजवीकडे फिरवत ट-ट-ट म्हणायचं. ‘आय’ला नाकाशी बोटं नाचवून उंदीर व्हायचं, ‘पी’ला बोटाची मेणबत्ती फुंकायची, ‘एन’ला दोन्ही हात पसरून विमान व्हायचं. हे पहिले सहा आवाज आले की मूल सॅट, पिन, टिप असे शब्द जुळवू लागतं. पद्धत चांगली आहे. लहान मुलांना ती आवडते. अडचण अशी की मुलाच्या आधी ती बाबांना आवडते.

पार्किंगमध्ये दोन्ही हात पसरून न-न-न करत दुचाकीकडे जाणारा, शर्ट खोचलेला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं, रजा मंजूर झाली. पण खरा कठीण आवाज ‘टी-एच’चा. त्यासाठी जीभ दातांतून बाहेर काढून विदूषक व्हावं लागतं. एका प्रकारात जीभ थोडी बाहेर, दुसऱ्यात जास्त. मराठी माणसाला जीभ आतल्या आत ठेवून ‘थ’ म्हणायची सवय. बाबांना हा आवाज यायला वेळ लागत होता आणि सरावाला वेळ मिळत नव्हता. चाकणच्या तळेगाव चौकात मात्र वेळच वेळ असतो. तिथे वाहतूक कोंडीत उभं राहून त्यांनी हेल्मेटची काच वर केली आणि सराव सुरू केला. शेजारच्या कंटेनरचा ड्रायव्हर हे सगळं वरून बघत होता. त्यानं आधी दुर्लक्ष केलं. मग जीभ जास्त बाहेर आली तेव्हा त्यानं खाली उतरून विचारलं, “भाईसाब, कोई तकलीफ है?” बाबांनी त्याला सापापासून विमानापर्यंत सगळं समजावून सांगितलं. चौक मोकळा होईपर्यंत त्या ड्रायव्हरचे सहा आवाज तयार झाले होते. त्यालाही गावी एक मुलगा होता.

क्वालिटीचा माणूस काहीही मनापासून करायला लागला की त्याचा तक्ता करतो. ओवीच्या घरी फ्रिजच्या दारावर एक चेकशीट आहे. वर आडवे वार, खाली उभे आवाज आणि चौकटीत ठिपके. आला तर हिरवा, चाचरला तर पिवळा, नाही आला तर लाल. लाल ठिपक्याला बाबा ‘रिजेक्शन’ म्हणतात आणि शनिवारी त्याचं ‘रिवर्क’ करतात. खेळण्यांना कारखान्यातली फाइव्ह-एसची टापटीप लावली आहे. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या मारून गाड्यांची जागा, ठोकळ्यांची जागा, बाहुलीची जागा आखून दिली आहे. बाहुली पट्टीबाहेर झोपलेली दिसली की ओवीला ‘ऑब्झर्वेशन’ मिळतं. घरातल्या प्रत्येक वस्तूवर इंग्रजी नावाची चिठ्ठी आहे. ओवीनं एकदा मीठ आणि साखर या डब्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. आलेले पाहुणे चहा पिऊन काही बोलले नाहीत, लवकर उठले इतकंच. बाबांनी पोरीला रागावलं नाही. चूक माणसाची नसते, व्यवस्थेची असते, असं त्यांच्या कारखान्यात भिंतीवर लिहिलेलं आहे. त्यांनी दोन वेगळ्या आकारांच्या झाकणांचे डबे आणले आणि त्याला ‘पोका-योके’, म्हणजे चूक होऊच न देणारी सोय, म्हणून टाकलं.

ओवीची आई एका पतपेढीत काम करते. दिवसभर ठेवी आणि थकबाकी बघून आल्यावर तिला घरी आणखी एक तक्ता नको असतो. तिचं म्हणणं एकच : “काय करायचं ते करा, पण ताट वाढलेलं असताना नको.” कारण बाबा आमटीतही आवाज शोधतात.

संध्याकाळची फेरी हा कार्यक्रमाचा मोठा भाग. सोसायटीच्या फाटकाबाहेर खेडकडच्या एक मावशी भाजीची पाटी लावून बसतात. तिथे रंग शिकवले जातात. “ओवी, फाइंड समथिंग पर्पल.” ओवी वांग्यावर बोट ठेवते. “फाइंड समथिंग ग्रीन.” इथे ओवी बुचकळ्यात पडते, कारण पाटीतलं जवळजवळ सगळंच हिरवं आहे. मागे गिऱ्हाइकं खोळंबतात. सुरुवातीला मावशी वैतागायच्या. पुढे त्यांनी यातला धंदा ओळखला. आता बाबा लांबून दिसले की त्या हाक मारतात, “या ओवीचे बाबा, आज यल्लोमधी लिंबं हायेत, रेडमधी गाजरं हायेत. पर्पल संपलं.” रंग शिकवून झाल्यावर काही न घेता उठणं बाबांच्या जिवावर येतं. त्यामुळे या घरात आठवड्यातून चार दिवस वांगी होतात.

बाबांच्या इंग्रजीचा खरा प्राण आज्ञार्थात आहे. “सिट डाउन.” “वॉश युअर हँड्स.” “पुट द शूज इन द रॅक.” यालाही शास्त्र आहे. जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात मांडलं, की नव्या भाषेतल्या आज्ञा ऐकून अंगानं कृती केली की ती भाषा पक्की बसते; लहान मूल पहिली भाषा अशीच तर शिकतं. हे बाबांनी व्हिडिओत बघितलं. ॲशरनं पुढे असंही म्हटलं होतं, की मूल तयार होईपर्यंत त्याला बोलायची घाई करू नये. तोवर बहुधा व्हिडिओमध्ये जाहिरात आली असावी.

या इंग्रजीत लाड नाहीत, रुसवा नाही, काल काय झालं ते नाही, उद्या काय करायचं तेही नाही. ओवी खेळताना पडते, गुडघा फुटतो, आणि बाबा त्या क्षणी बार्शीला पोहोचतात. “आगं आगं आगं! कुटं लागलं माझ्या बाळाला? बगू बगू!” उचलून घेणं, फुंकर मारणं, जमिनीला दोन चापट्या देणं, हे सगळं मातृभाषेत होतं. रडं थांबलं की ते घसा साफ करतात आणि म्हणतात, “ओके. शो मी युअर नी.”

आज्ञा ज्या घरात चालतात तिथे त्या उलटून येतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत टँकरच्या खर्चावरून नेहमीप्रमाणे आवाज चढले. अध्यक्ष उभे, खजिनदार उभे, सी विंग उभी. बाबांच्या मांडीवरून उतरून ओवी खुर्चीवर चढली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “एव्हरीबडी सिट डाउन! फिंगर ऑन युअर लिप्स!” सभा बसली. सी विंगमधल्या दोघांनी खरंच ओठांवर बोट ठेवलं. नुसत्या इंग्रजीचा एवढा धाक आपल्याकडे आहे. त्या रात्री फ्रिजवर एक मोठा हिरवा ठिपका चढला.

पहिलीच्या प्रवेशाची धास्ती बाबांनी आत्तापासून घेतली आहे. मी त्यांना म्हटलं, की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमानं मुलांची आणि पालकांची चाळणी घ्यायला बंदी आहे. त्यांना कलम पाठ होतं. “काका, कायदा कायद्याच्या जागी. शाळा म्हणते मुलाखत नाही, फक्त भेटायला या. आता भेटायला जायचं तर तोंड शिवून थोडंच जायचं?” मी दुसरं शस्त्र काढलं. म्हटलं, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिलंय, की शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं. बाबांनी शांतपणे विचारलं, “लिहिणाऱ्यांची नातवंडं कुठल्या शाळेत जातात?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. धोरण लिहिणाऱ्यांकडेही ते असेलच असं नाही.

दिवाळीनंतर बार्शीहून ओवीची आजी आली. आजीला येताना पिशवीत काय काय आणायची सवय. ज्वारीचं पीठ, शेंगा, आणि ओवीला खेळायला फडक्यात बांधलेले चिंचोके. बाबांनी त्याच आठवड्यात ऑनलाइन एक ‘सॉर्टिंग किट’ मागवला होता : सहा रंगांचे गोंडे, एक प्लॅस्टिकचा चिमटा आणि माहितीपत्रक. ओवीनं गोंडे ओतले, दोन मिनिटं बघितले आणि ती आजीच्या फडक्याकडे वळली. आजीनं अंड्याचा ट्रे ओढला आणि दोघी कामाला लागल्या. काळे चिंचोके एकीकडे, तांबडे एकीकडे, फुटके तिसरीकडे. मग फरशीवर घासून फोडायचे, एक बाजू पांढरी, एक काळी, झाले सारीपाटाचे फासे. मग किती पांढरे पडले, किती काळे पडले, आजीनं खोटं दान मोजलं का, यावर भांडण. पाऊण तास झाला तरी ओवी हलेना.

“आई, हीच तर फाइन मोटर ॲक्टिव्हिटी!” बाबा हरखून म्हणाले.

“आसंल की,” आजी म्हणाली. “पर हे गोंडे कशाला इकत घेतलास मग?”

बाबांना ठाऊक नव्हतं आणि आजीलाही नव्हतं, की त्या पाऊण तासाला महाराष्ट्रात मोठा वंश आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणू तालुक्यात बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं केंद्र काढलं. अनुताई वाघ तेव्हापासून सोबत होत्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. युरोपातून आलेली महागडी साधनं आदिवासी पाड्यावर परवडणार नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती यांतून साधनं उभी राहिली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, यातून अंगणवाडी जन्मली. आज देशभर लाखो अंगणवाड्या आहेत. ओवीचे बाबा स्वतः बार्शी तालुक्यातल्या अंगणवाडीत जाऊन, खिचडी खाऊन, खडे मोजून मोठे झालेले. तेच खडे गोंडे होऊन पुठ्ठ्याच्या खोक्यातून, माहितीपत्रकासकट त्यांच्या दारात परत आले, आणि त्यांनी त्याला पाच तारे दिले.

आता जी गोष्ट सांगायची ती वॉचमनच्या खुर्चीखालच्या मांजरीची. संध्याकाळची फेरी आटपत आली होती. मी बाकावर होतो. मांजर दिसली तशी बाबांनी संधी साधली.

“ओवी, व्हॉट इज दॅट?”

“कॅट.”

“व्हॉट कलर?”

“ऑरेंज.”

“व्हेरी गुड!” बाबांनी मनातल्या मनात दोन हिरवे ठिपके मारले. इंग्रजी तिथे संपलं. ओवी मात्र मांजरीपाशीच उभी होती.

“बाबा, ती काकांच्या खुर्चीखालीच का बसते?”

“तिथे सावली असते.”

“आता ऊन गेलं की. तरी का?”

“तिची पिल्लं असतील तिथे.”

“पिल्लं तिथेच का ठेवली?”

“तिकडे कुत्री येत नाहीत.”

“का येत नाहीत?”

“काका काठी आपटतात ना.”

ओवीनं जरा विचार केला. “मग रात्री काका झोपतात तेव्हा?”

बाबा गप्प झाले. कारखान्यात ते ज्याचा पगार घेतात ते नेमकं हेच. काही बिघडलं की पुन्हा पुन्हा ‘का’ विचारत मुळापर्यंत जायचं. जपानच्या टोयोटातून जगभर गेलेली ही पद्धत शिकवायला त्यांच्या कंपनीनं बाहेरून माणूस आणला होता. दोन दिवसांचं शिबिर, जेवणासकट. तिथे इंजिनिअर लोक तिसऱ्या ‘का’ला थकून ‘ऑपरेटरची चूक’ असं लिहून मोकळे होत होते. इथे चार वर्षांची पोर मांजरीपासून निघून रात्रपाळीतली त्रुटी शोधून आली होती. आणि ते सगळं मराठीत. इंग्रजीत तिच्याकडे मांजर होती आणि मांजरीचा रंग होता. मराठीत तिच्याकडे मांजरीची काळजी होती.

“काका,” बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, “हे कुठल्या रकान्यात मांडायचं?”

दुसऱ्या दिवशी फ्रिजवरच्या तक्त्यात एक नवी ओळ आली. सगळे आवाज इंग्रजीत आणि सगळ्यांत खाली मराठीत एकच शब्द : ‘का?’ त्यापुढच्या चौकटी बाबांनी ठिपक्यांनी नाही, आकड्यांनी भरायला घेतल्या. तिसऱ्या दिवशी ओवीच्या आईनं तक्ता बघितला आणि पेन लपवून ठेवलं. कारण आकडा वाढवायचा म्हणून बाबा पोरीला झोपू देईनात.

पुढच्याच आठवड्यात शाळेत ‘शो अँड टेल’ होतं. एक वस्तू न्यायची आणि तिच्याबद्दल बोलायचं. बाबांनी छत्री निवडली आणि तीन वाक्यं बसवून घेतली : छत्री कुणाची, रंग कोणता, ती कशाला लागते. दाराच्या काचेबाहेर उभं राहून ते ओठ हलवत होते. ओवीनं छत्री उघडली, पहिलं वाक्य म्हटलं आणि मग तिला मांजर आठवली. ही छत्री रात्री तिनं पिल्लांवर ठेवली होती. एक पिल्लू काळं आहे. काका झोपतात. कुत्रं आलं तर छत्री बघून घाबरेल. नामं इंग्रजी, क्रियापदं मराठी, आणि पुढे बसलेल्या पाटण्याच्या मैत्रिणीला कळावं म्हणून शेवटचं सगळं पुन्हा एकदा हिंदीत. वर्ग तोंड उघडं टाकून ऐकत होता. दोन मुलांनी पिल्लांची नावं विचारली. बाबा काचेवर टकटक करून रंगाच्या वाक्याची आठवण देत होते. टीचरनं बाहेर येऊन सांगितलं, “बोलू द्या हो तिला. सांगायला काहीतरी आहे ना तिच्याकडे, मग इंग्लिशमध्ये पण सांगेल. सांगण्यासारखं काही नसलेली मुलंच जास्त अवघड जातात आम्हाला.”

एवढं झाल्यावर बाबांनी गोंडे फेकून दिले, तक्ता फाडला, असं मला लिहिता आलं असतं तर गोष्ट नीट संपली असती. तसं काही झालेलं नाही. ‘ग्रीन डे’ला ओवी पोपटासारखी हिरवीगार होऊनच शाळेत गेली. फरक पडला तो भलतीकडेच.

कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकाकडून ऑडिटर आला. मॅनेजर मंडळींनी त्याला लांबलचक वाक्यांनी घेरलं. वाक्य सुरू करणारा शेवटी कुठे उतरणार हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं. अशा वेळी ओवीचे बाबा नेहमी कंप्रेसरमागे उभे असत. त्या दिवशी ऑडिटर चालत चालत त्यांच्याच टेबलापाशी थांबला. बाबांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि छोट्या शिशूचा वर्ग सुरू केला. “प्लीज कम हिअर. लुक. धिस इज द गेज. पुट द पार्ट हिअर. ग्रीन लाइट, ओके. रेड लाइट, स्टॉप. नाउ यू डू.” ऑडिटरनं पार्ट ठेवला. हिरवा दिवा लागला. त्यानं मुद्दाम वाकडा ठेवला. लाल लागला. “व्हेरी गुड!” बाबा सवयीनं म्हणाले. मग त्यानं विचारलं, “व्हाय?” बाबांनी उत्तर दिलं. त्यानं पुन्हा विचारलं, बाबांनी पुन्हा उत्तर दिलं. दातांमधून जीभ जिथे बाहेर यायची तिथे आली. ‘थँक यू’ म्हणताना दोघंही हसत होते.

ते संध्याकाळी पेढे घेऊन माझ्याकडे आले. बहिणीला फोन करून झाला होता. “काका, ती म्हणाली, दादा तू ॲक्सेंट कुठे शिकलास?” हे सांगताना ते इतके खूश होते की मी शाळेचं नाव घेतलं नाही.

असा एक बाप तुमच्याही जिन्यात राहत असेल. त्याला हसा. तो हसण्याजोगा आहे, आणि आपल्याला कुणी हसलं तर त्याला राग येत नाही, कारण तो त्या वेळी विमान झालेला असतो. पण जमलं तर त्याला एवढं सांगा : संध्याकाळचा अर्धा तास खुशाल इंग्रजीत घाल. गाणी म्हण, साप हो, उंदीर हो. पोरांना ते आवडतं आणि त्यातून काही वाईट होत नाही. उरलेला दिवस मात्र तुला ज्या भाषेत भांडता येतं, लाड करता येतात आणि पाचव्या ‘का’ला उत्तर देता येतं, त्या भाषेत तिच्याशी बोल. तिला सगळं आत्ताच यायला हवं अशी निकड तिची नाही, तुझी आहे.

आणि शाळांना एक विनंती. फीच्या पावतीवर ‘विद्यार्थ्याचे नाव’ या रकान्यात यापुढे दोन नावांची जागा ठेवा. फी मात्र एकाचीच घ्या.